नैरोबीत काही वर्षं राहायचंय? निघण्याआधी आणि पोचल्यावर काय काय करायचं

नैरोबीची ऑफर हातात आली की घरात पहिला प्रश्न येतो सुरक्षिततेचा, दुसरा जेवणाचा. पगार डॉलरमध्ये की शिलिंगमध्ये, हा प्रश्न फार मागाहून निघतो, कधीकधी तर सही झाल्यावर. केनियाची ही राजधानी लांबच्या मुक्कामासाठी चांगली आहे असं माझं मत आहे. इथली हवा, भाजी, भारतीय दुकानं, सगळीकडे चालणारं इंग्रजी हे फायदे कुणी समजावून सांगायला नकोत, ते आल्या दिवसापासून मिळू लागतात. तोटे मात्र बरेचसे असे आहेत की ते भारतात असतानाच कागदावर सोडवून घ्यावे लागतात. इथे पोचल्यावर त्यांच्यावर फारसा इलाज उरत नाही. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय. दोन-तीन वर्षं किंवा जास्त राहायला येणाऱ्यांसाठी आहे, सफारीला येणाऱ्यांसाठी नाही.

१. सही करण्याआधी

आधी चलन. २०२३मध्ये केनियन शिलिंग वर्षभर घसरत राहिला. जानेवारी २०२४मध्ये एका डॉलरला सुमारे १६० शिलिंग पडत होते. पुढच्या काही महिन्यांत तो सावरून १३०च्या आसपास आला. ज्यांचा पगार शिलिंगमध्ये आणि घराचा हप्ता पुण्यात, त्यांची त्या वर्षी कशी ओढाताण झाली असेल याचा हिशेब स्वतःच करून पाहा. पगार डॉलरमध्ये ठरत असेल तर उत्तम. शिलिंगमध्येच मिळणार असेल तर तो डॉलरच्या कोणत्या दराने बांधलाय आणि तो दर कधी बदलणार, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

मग कर. इथल्या प्राप्तिकराचे टप्पे भारतीय माणसाला धक्का देतात. महिना ३२,३३३ शिलिंगच्या वरच्या कमाईवर थेट ३० टक्के लागतात, पाच लाखांच्या वर साडेबत्तीस आणि आठ लाखांच्या वर पस्तीस. त्याशिवाय आरोग्य निधीसाठी पगाराच्या पावणेतीन टक्के, गृहनिर्माणाच्या नावाखाली दीड टक्का आणि एनएसएसएफ म्हणजे भविष्य निर्वाहासारखी एक कपात. महिना तीन लाख शिलिंग असा आकडा ऐकला तर सध्याच्या दरांनी हातात साधारण दोन लाख पाच हजार येतात. एक शिलिंग म्हणजे सत्तर पैशांच्या आसपास. आता हा आकडा तुमच्या सध्याच्या पगाराशेजारी मांडून बघा. बोलणी करताना आकडा हातात येणारा की कपातीआधीचा, हे पहिल्याच फोनवर विचारायला लाजू नका.

आणखी चार गोष्टी लेखी हव्यात: घरभाडं कोण देणार, मुलांची शाळेची फी कोण भरणार, कुटुंबाचा आरोग्यविमा कितीचा, आणि वर्षाला घरी जायची तिकिटं किती जणांची. या चारपैकी शाळेची फी कंपनीने नाकारली आणि तुम्हाला दोन मुलं असतील, तर माझा सल्ला थोडक्यात असा की ऑफर पुन्हा वाचा.

भारतातली कामंही याच वेळी उरका. नोकरीसाठी बाहेर गेलात की बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात बदलून घ्यावं लागतं आणि पैसे पाठवायला एनआरई खातं लागतं. पीपीएफ आधीचं असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, अनिवासी झाल्यावर नवं उघडता येत नाही. सगळ्यांची मूळ प्रमाणपत्रं, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांच्या स्कॅन प्रती एका जागी ठेवा. परवान्याच्या वेळी ते पुन्हा पुन्हा मागतात.

२. परवाना

जानेवारी २०२४पासून केनियाने व्हिसाची पद्धत बंद करून ईटीए म्हणजे ऑनलाइन प्रवासपरवानगी आणली. ती ९० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी आहे, त्यावर नोकरी करता येत नाही. ‘आधी ईटीएवर या, मग इथे आल्यावर बघू’ असं कंपनी म्हणत असेल तर सावध व्हा. कामाचा परवाना मंजूर होईपर्यंतच्या मधल्या काळासाठी ‘स्पेशल पास’ नावाची कायदेशीर सोय आहे, ती कंपनीने काढून द्यायची असते. तपासणी झाली तर अडचणीत तुम्ही येता, एचआर नाही.

नोकरदारांचा परवाना ‘क्लास डी’, गुंतवणूकदार-व्यापाऱ्यांचा ‘क्लास जी’. क्लास जीसाठी किमान एक लाख डॉलरचं भांडवल दाखवावं लागतं, म्हणजे ‘तिथे जाऊन छोटंसं काहीतरी सुरू करू’ हा बेत वाटतो तितका छोटा नाही. क्लास डीमध्ये एक अट असते जी लोक वाचत नाहीत: तुमच्या हाताखाली कोण केनियन माणूस तुमचं काम शिकणार आहे, त्याचं नाव कंपनीला द्यावं लागतं. म्हणजे तुमची जागा तात्पुरती आहे, हे सरकारने अर्जातच लिहून घेतलेलं असतं. मला ही अट रास्त वाटते. पण कर्ज काढून इथे फर्निचर घेण्याआधी ती आठवलेली बरी. कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायला कामाच्या परवान्यावर सात वर्षं काढलेली असावी लागतात.

जोडीदाराला आणि मुलांना ‘डिपेंडंट पास’ मिळतो. त्यावर नोकरी करता येत नाही. याबद्दल पुढे बोलूच.

परवाना हातात आला की परदेशी नागरिकाचं ओळखपत्र काढायचं. ९० दिवसांहून जास्त राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला ते सक्तीचं आहे. सगळे त्याला ‘एलियन कार्ड’ म्हणतात. ते खिशात असलं की रस्त्यावर पोलिसाने अडवल्यावर पासपोर्ट शोधत बसावं लागत नाही, आणि राष्ट्रीय उद्यानांत रहिवाशांच्या दराने तिकीट मिळतं, जे परदेशी पर्यटकांच्या दरापेक्षा खूपच कमी असतं.

३. लस आणि सामान

पिवळ्या तापाची म्हणजे यलो फीव्हरची लस निघण्याआधी भारतातच घ्या. केनियात शिरताना भारतीयाला ती कुणी विचारत नाही, म्हणून लोक टाळतात. पण सुट्टीत मुंबईला उतरताना केनियाहून आलेल्या प्रवाशाकडे तिचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तिथे ठरावीक वारीच देतात, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

सामान बांधताना प्लास्टिकच्या पिशव्यांचं भान ठेवा. ऑगस्ट २०१७पासून केनियात प्लास्टिकच्या कॅरी बॅगांवर बंदी आहे आणि कायद्यात शिक्षा चाळीस लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद अशी आहे. कंपनीच्या सीलबंद पाकिटाला हरकत नसते, पण आईने घरचा मसाला पातळ पिशवीत भरून रबर लावून दिला असेल तर तो डब्यात काढा.

काय आणायचं? गोडा मसाला, आमसुलं, भाजणी, मेतकूट, पोह्याचे पापड. बाकी जवळपास सगळं इथे मिळतं. तूरडाळीच्या गोण्या ओढत आणू नका. केनिया स्वतः तूर आणि मूग पिकवणारा देश आहे, इथल्या पूर्वेकडच्या कोरडवाहू जिल्ह्यांत ती घरोघरची पिकं आहेत. प्रेशर कुकर मात्र चांगला आणा. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचावर आहे, महाबळेश्वरहून वर. इथे पाणी ९४-९५ अंशांवरच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

स्वेटर आणा. हे सांगितलं की लोक हसतात, विषुववृत्तावर स्वेटर कशाला म्हणून. जून ते ऑगस्ट आभाळ भरलेलं असतं, जुलैत रात्री पारा ११-१२ अंशांपर्यंत उतरतो, आणि घरांत ऊब करायची काहीच सोय नसते. त्या दिवसांत इडलीचं पीठ रात्रभरात फुगेल अशी आशा धरू नका. उलट वर्षभर पंखा आणि एसी लागत नाही. मुंबईच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला या एका गोष्टीसाठी नैरोबी आवडून जातं.

प्लग इथे तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा. व्होल्टेज भारतासारखंच, त्यामुळे मिक्सर चालतो, फक्त ॲडॅप्टर हवा.

४. पहिला आठवडा: सिम, एम-पेसा, केआरए

पहिल्या दिवशी पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घ्या आणि त्याच टेबलावर एम-पेसा सुरू करून घ्या. २००७ साली सुरू झालेली ही मोबाइलमधली पैशांची सेवा. आपण यूपीआयवाले असल्यामुळे कल्पना लगेच कळते, पण फरक आहे. एम-पेसातले पैसे तुमच्या बँक खात्यात नसतात, सिमशी जोडलेल्या खात्यात असतात. ते नाक्यावरच्या एजंटकडे भरता येतात, त्याच्याकडून काढता येतात, आणि रक्कम पाठवायला शुल्क लागतं. दुकानात ‘टिल नंबर’ विचारायचा, भाडं-बिलं-शाळेला ‘पेबिल नंबर’. भाजीवाली, टॅक्सी, केशकर्तनालय, मंदिराची देणगी, सगळं यावर चालतं.

फसवणुकीचे प्रकारही यावरच. ‘चुकून तुम्हाला पैसे गेले, परत पाठवा’ असा संदेश आला तर आधी स्वतःची शिल्लक बघा. शंभरातले नव्व्याण्णव वेळा पैसे आलेलेच नसतात.

करखात्याचा पिन हा दुसरा महत्त्वाचा आकडा. केआरए पिन म्हणजे आपला पॅन. बँक खातं, गाडी, वीजजोडणी, सगळीकडे मागतात. करवर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि विवरणपत्राची शेवटची तारीख ३० जून. कंपनी पगारातून कर कापत असली तरी विवरणपत्र तुम्हालाच भरायचं असतं, आणि हे न कळल्याने दरवर्षी नवे लोक दंड भरतात.

फॉर्ममध्ये पत्ता विचारला की पोस्ट बॉक्स नंबर लिहायचा. घरपोच टपाल ही पद्धतच नाही. सामान मागवताना पत्ता सांगायचा तो खुणेने: अमुक पेट्रोल पंपानंतर डावीकडे, काळं गेट.

वेळेचाही एक घोळ आहे. स्वाहिली बोलणारा माणूस दिवस सकाळी सहापासून मोजतो, त्यामुळे सकाळी सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. इंग्रजीत बोलताना सगळे आपल्यासारखंच सांगतात, पण प्लंबरने स्वाहिलीत ‘सा ताटू’ म्हटलं तर तो नऊ वाजता येणार आहे, तीनला नाही.

५. घर

भारतीय कुटुंबं सहसा पार्कलँड्सपासून शोध सुरू करतात आणि बऱ्याच जणांचा शोध तिथेच थांबतो. देवळं, आगा खान रुग्णालय, डायमंड प्लाझामधली भारतीय दुकानं, सिटी पार्कचा भाजीबाजार, सगळं जवळ. शेजारच्या वेस्टलँड्समध्ये ऑफिसं आणि रात्रीची वर्दळ. किलिमानी, किलेलेशवा, लॅव्हिंग्टन इकडे उंच नव्या इमारती, शेजार मिश्र. गिगिरी, रुंडा आणि कॅरेन ही बंगल्यांची, झाडीची आणि पैशाची वस्ती. गिगिरीला संयुक्त राष्ट्रांचं आफ्रिकेतलं मुख्यालय आहे. साउथ बी आणि साउथ सी तुलनेने स्वस्त, विमानतळाच्या बाजूचे.

भागापेक्षा ऑफिसचं अंतर आधी बघा. इथली सकाळ-संध्याकाळची कोंडी पावसात दुप्पट होते. म्लोलोंगो ते वेस्टलँड्स असा २७ किलोमीटरचा टोलवाला एक्सप्रेसवे २०२२मध्ये झाला, त्याने विमानतळ जवळ आला, पण शहरातलं अंतर्गत दुखणं तसंच आहे. स्वस्त घर लांब घेऊन रोज तीन तास गाडीत बसणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

घर बघायला गेलात की पुढचे प्रश्न विचारा, याच क्रमाने. पाणी कुठलं? महापालिकेचं पाणी बऱ्याच भागांत आठवड्यातून ठरावीक दिवसच येतं, म्हणून इमारतींना बोअरवेल असते. नैरोबीच्या भूजलात फ्लोराइड जास्त असतं. नुसतं उकळून ते जात नाही. लहान मुलं असतील तर पिण्याचं पाणी वेगळं विकत घ्या किंवा आरओ बसवा. वीज गेल्यावर जनरेटर फक्त लिफ्टला आहे की घरांनाही? वीज बहुतेक ठिकाणी प्रीपेड असते: मोबाइलवरून पैसे भरायचे, वीस आकडी टोकन येतं, ते मीटरमध्ये दाबायचं. टोकन कधी संपतं? पाहुणे आल्यावर. सर्व्हिस चार्ज भाड्यात धरलाय की वेगळा? इंटरनेट कुठल्या कंपनीचं येतं? फायबर चांगलं आहे, घरून काम करणाऱ्यांची तक्रार नसते. करार वाचताना भाडं दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार आणि मधेच सोडायचं झालं तर किती महिन्यांची नोटीस, ही दोन कलमं अधोरेखित करा. कंपनीची बदली तुमचा करार संपायची वाट बघत नाही.

जाहिरातीत ‘डीएसक्यू’ लिहिलेलं असतं, म्हणजे घरकामाच्या माणसाची खोली. घरकामाला माणूस मिळणं हा इथला मोठा आराम समजला जातो. सरकारने घरकामगारांचं किमान वेतन ठरवून दिलेलं आहे आणि आरोग्य निधी, एनएसएसएफ यांचे पैसे मालकाने भरायचे असतात. आपल्या समाजातल्या काही घरांत कामाच्या बाईला वेगळा कप आणि बाहेरचा नळ असतो, आणि मग तेच लोक ‘इथले लोक आपल्याशी नीट वागत नाहीत’ म्हणतात. नीट करार करा, रविवार सुट्टी द्या, पगार एम-पेसावर द्या म्हणजे दोघांकडे नोंद राहते. धुण्यापुरतीच बाई हवी असेल तर ‘मामा फुआ’ मिळते, दिवसाच्या हिशेबाने.

६. स्वयंपाकघर

या बाबतीत काळजीचं काही कारणच नाही. सिटी पार्कच्या बाजारात कारली, दुधी, मेथी, गवार, कढीपत्ता मिळतो आणि भाजीवाले आफ्रिकन असूनही नावं आपल्या भाषांतली घेतात, बऱ्याचदा गुजराती वळणाने. ॲव्होकॅडो इतका स्वस्त की त्याची भाजी-चटणी-पोळी सगळं करून बघून मग कंटाळा येतो. हापूस नाही, पण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत इथल्या आंब्याचा हंगाम असतो, आणि तक्रार न करता खाल्ला तर तोही चांगला लागतो.

शाकाहारी माणसाला केनियन जेवणही परकं नाही. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, बरोबर सुकुमा विकी ही परतलेली पालेभाजी. मका आणि घेवड्याचं गिथेरी. चपाती तर इथली रोजची झालीय, फक्त जाड आणि तेलावर भाजलेली. दूध घालून उकळलेला चहा सगळीकडे मिळतो. पार्कलँड्सची मारू भजी खाऊन बघा: बटाट्याच्या पातळ कापांना बेसन चोळून तळलेली, पूर्व आफ्रिकेतल्या गुजरात्यांची.

गॅस सिलिंडर ६ आणि १३ किलोचे मिळतात. पहिल्यांदा रिकाम्या सिलिंडरसकट विकत घ्यावा लागतो.

७. रस्ता, अंधार आणि निवडणूक

सुरक्षिततेबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात आणि दोन्ही निरुपयोगी. दिवसा, ओळखीच्या भागात, साधेपणाने वावरणाऱ्याला रोजचं आयुष्य सुरळीत जातं. अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही, अगदी पाच मिनिटांचं अंतर असलं तरी. इथे वर्षभर संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे जेवणानंतरची शतपावली ही सवय कंपाउंडच्या भिंतीच्या आतच ठेवावी लागते. लांब राहणाऱ्या माणसाला इथला हा तोटा सगळ्यात जास्त टोचतो, चोरीपेक्षाही. मुलं एकटी दुकानात जात नाहीत, आजी-आजोबा पाहुणे आले की चार दिवसांत ‘बाहेर कधी पडायचं’ विचारू लागतात.

रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर बोलू नका, मोटारसायकलवरचा माणूस तो घेऊन जातो. कोंडीत गाडीच्या काचा बंद ठेवा. उबर आणि बोल्ट दोन्ही चालतात. ‘मटाटू’ म्हणजे इथली खासगी मिनीबस, रंगवलेली आणि जोरात गाणी लावलेली. स्वस्त आहे, पण गर्दीच्या वेळी आणि पाऊस सुरू झाला की भाडं वाढतं. एकदा ओळखीच्या सहकाऱ्याबरोबर जाऊन मार्ग समजून घ्या. ‘बोडा बोडा’ म्हणजे मोटारसायकल टॅक्सी. सोयीची आहे, पण हेल्मेट नसेल तर नकार द्या.

स्वतःची गाडी घेणार असाल तर इथेही डावीकडूनच चालवतात. बहुतेक गाड्या जपानहून आलेल्या वापरलेल्या असतात, आणि आठ वर्षांहून जुनी गाडी आयात करता येत नाही, म्हणून किमती फार पडत नाहीत. वाहतूक पोलीस कधीतरी अडवतात आणि इथेही पैसे चहाच्या नावानेच मागतात. कागद पूर्ण ठेवा, गाडीतून उतरून वाद घालू नका, रीतसर दंडाची पावती मागा.

मॉलच्या दारात बॅग तपासतात. २०१३मध्ये वेस्टगेट मॉलवर आणि २०१९मध्ये वेस्टलँड्सजवळच्या एका हॉटेल संकुलावर दहशतवादी हल्ले झाले, तेव्हापासूनची ती सवय आहे. राजकारणाकडेही लक्ष हवं. २००७च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात हजाराहून अधिक माणसं गेली. जून २०२४मध्ये करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तरुणांची निदर्शनं थेट संसदेत शिरली आणि विधेयक मागे घ्यावं लागलं. पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२७मध्ये आहे. अशा दिवसांत शहराच्या मध्यभागी जायचं नाही, घरात आठवड्याचा किराणा आणि गाडीत इंधन ठेवायचं, भारतीय उच्चायुक्तालयात नोंदणी केलेली असायला हवी. निदर्शनाची तारीख सहकाऱ्यांना आधीच ठाऊक असते, विचारायचं.

८. तब्येत

नैरोबी उंचावर असल्याने शहरात मलेरियाचा धोका कमी आहे. समुद्रकाठच्या मोंबासाला किंवा सरोवराकाठच्या किसुमूला जाताना मात्र डॉक्टरला विचारून गोळ्या घ्या, आणि परतल्यावर ताप आला तर प्रवास आधी सांगा. खासगी रुग्णालयं चांगली आहेत, महागही आहेत, आणि दाखल करताना विम्याची मंजुरी किंवा अनामत मागतात. भारतातला मेडिक्लेम इथे साधारणपणे चालत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बरेच जण भारतात येतात. मुंबईचं थेट विमान सहा तासांचं आहे, ही त्यातली जमेची बाजू.

९. मुलं आणि जोडीदार

खरं सांगायचं तर इथून परत जाणारी कुटुंबं चोरीमुळे किंवा डासांमुळे जात नाहीत. ती या दोन कारणांमुळे जातात.

भारतीयांची मुलं बहुतेक ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांत जातात. शाळा छान असतात: मैदानं, पोहणं, संगीत, गृहपाठ कमी. वर्ष सप्टेंबरला सुरू होतं. केनियन अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष जानेवारीत. भारतात परतायचं झालं तर एप्रिल किंवा जूनमध्ये, म्हणजे इकडचं वर्ष अर्धवट सोडून. पाचवी-सहावीपर्यंत याने काही बिघडत नाही. आठवीनंतर बिघडतं. महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेली लागते. इथे आयजीसीएसई म्हणजे ब्रिटिश पद्धतीची दहावी करून बारावीला लातूरला पाठवू, हा बेत या अटीवर आपटतो. त्यामुळे मुलाच्या सातवीच्या वर्षी बसून ठरवायचं: नववीआधी परत, की इथूनच पुढे ब्रिटन, कॅनडा किंवा खासगी विद्यापीठ. न ठरवता पुढे ढकललं तर निर्णय मुलाच्या वाट्याला येतो.

जोडीदाराचं प्रकरण नाजूक आहे. पुण्यात टीम सांभाळणारी बायको इथे डिपेंडंट पासवर येते आणि सरकारी कागदावर ‘अवलंबून’ होते. स्वतंत्र कामाचा परवाना काढता येतो, पण त्यासाठी तिला नोकरी देणारी कंपनी हवी. भारतातल्या कंपनीचं काम घरून चालू ठेवायचं असेल तर दोन्हीकडच्या कराचा आणि परवान्याचा सल्ला आधी घ्या. केनियाने अलीकडे अशा दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळा परवाना वर्गही आणलाय. ‘तिथे गेल्यावर काहीतरी मिळेल’ यावर विसंबून नोकरी सोडायला लावू नका. हे नवऱ्यांसाठी लिहितोय. बायकोची बदली होऊन मागून आलेले नवरेही असतात, त्यांनाही हेच लागू, फक्त त्यांना मंडळात चहा करायला कुणी बोलावत नाही.

१०. माणसं

मोंबासाहून युगांडाच्या दिशेने जाणाऱ्या ‘युगांडा रेल्वे’साठी १८९६पासून ब्रिटिशांनी भारतातून सुमारे ३२ हजार मजूर आणले, रेल्वे १८९९मध्ये जिथे येऊन थांबली तिथे हे शहर उभं राहिलं. त्यातले बहुतेक पंजाबी, आणि व्यापार करायला आले ते गुजराती. आपल्या बाजूचे म्हणाल तर गोवेकर कारकून, शिंपी, आचारी आणि डॉक्टर. डॉ. रोझेंडो रिबेरो हे गोव्याचे डॉक्टर सुरुवातीच्या नैरोबीत झेब्र्यावर बसून रोग्यांकडे जात, त्याचा फोटोही आहे. नैरोबीतच जन्मलेला पियो गामा पिंटो केनियाच्या आणि गोव्याच्या अशा दोन्ही मुक्तिलढ्यांत होता. स्वतंत्र केनियात १९६५मध्ये त्याची हत्या झाली. गोवेकरांचे जुने क्लब अजून आहेत. २०१७मध्ये केनिया सरकारने इथल्या आशियाई समाजाला देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली.

हा इतिहास कामाचा अशासाठी, की तुम्ही इथे ‘नवा परदेशी’ म्हणून ओळखले जात नाही. तुम्ही ‘मुहिंदी’ म्हणजे भारतीय असता, आणि त्या नावामागे शंभर वर्षांचं दुकान, उधारी, मालक-नोकर हे सगळं उभं असतं. काही जण त्यामुळे लगेच आपलेपणाने बोलतात, काही जण लगेच हिशेबाने. पहिल्या भेटीत ते बदलता येत नाही, वागण्याने हळूहळू बदलतं. दुकानात, गेटवर, लिफ्टमध्ये आधी ‘हबारी’ म्हणून विचारपूस, मग काम. थेट ‘वो दे दो’ थाटात बोललं की माणूस मनातून तुटतो. गेटवरच्या ‘अस्कारी’चं म्हणजे पहारेकऱ्याचं नाव पहिल्याच दिवशी विचारा. स्वाहिलीचा महिना-दोन महिन्यांचा वर्ग लावा. इंग्रजीवर भागतं, म्हणूनच बहुतेक भारतीय दहा वर्षं राहूनही शिकत नाहीत, आणि केनियन सहकाऱ्याच्या घरी एकदाही जेवलेले नसतात.

मराठी माणसं थोडी आहेत, पण महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, आरतीला टाळ वाजतात. पहिल्या वर्षी जरूर जा, घर, डॉक्टर, शाळा यांची खरी माहिती तिथेच मिळते. महिन्याचे सगळे रविवार मात्र तिथे घालवू नका. शहराला लागून ११७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे, पाठीमागे इमारती आणि पुढे गेंडा. पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाई यांच्या लढ्यामुळे बिल्डरांच्या हातून वाचलेलं करुरा जंगल आहे, तिथे दिवसाढवळ्या तासन्‌तास निर्धास्त चालता येतं. न्गाँग टेकड्या, नायवाशा सरोवर, लाँगोनोट ज्वालामुखीचा डोंगर हे सगळं एका दिवसात होणारं. मोंबासाला २०१७पासून नवी रेल्वे जाते. सह्याद्रीत भटकणाऱ्याला इथे शनिवार-रविवार कमी पडतात.

११. वर्ष झालं की, आणि सोडताना

परवान्याची मुदत संपायच्या काही महिने आधी कंपनीला लेखी आठवण करा. नूतनीकरण रेंगाळलं तर बँक, शाळा, प्रवास सगळं अडतं. घराचा पुढचा करार परवान्याच्या नूतनीकरणाआधी करू नका, नंतर करा. वर्ष संपताना एकदा खरा जमाखर्च मांडा: भारतात किती पाठवता आले, जोडीदाराचं काय चाललंय, मुलाची पुढची इयत्ता कोणती. डिसेंबरात मांडायला वेळही मिळतो, कारण अर्धं शहर गावी गेलेलं असतं आणि ऑफिसं ओस पडतात.

सोडायचं ठरलं तर शेवटचे दोन महिने मोकळे ठेवा. गाडी विकताना मालकी ऑनलाइन बदलून झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. केआरएचं त्या वर्षापर्यंतचं विवरणपत्र भरून टाका, थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र घ्या, एनएसएसएफमधल्या पैशांसाठी देश कायमचा सोडत असल्याचा अर्ज करा. परवाना आणि एलियन कार्ड रद्द करायला कंपनीला द्या, पोच घ्या. पोलिसांकडून ‘गुड कंडक्ट’चा दाखला इथे असतानाच काढा, पुढच्या देशाच्या नोकरीला तो लागतो आणि बाहेरून मिळवणं किचकट. मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या सगळ्या वर्षांची प्रगतिपुस्तकं शिक्क्यासह घ्या. घराची अनामत रक्कम परत मिळेपर्यंत बँकेचं खातं आणि सिम बंद करू नका. एम-पेसातली शिल्लक सगळ्यात शेवटी काढा, कारण विमानतळावर जाणाऱ्या टॅक्सीलाही तीच लागते.